उरलेली तीन सत्रं कधी, मंत्रीमहोदय?

माननीय क्रीडामंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी ग्वाल्हेरला लश्कर भागात राहते, शाळेत शिकवते. माझी बारा वर्षांची मुलगी हॉकी खेळते. खेळत होती म्हणायचं की काय, हे गेल्या रविवारपासून मला कळेनासं झालंय.

29 ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, आपण व्यासपीठावरून सांगितलंत की खेळणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी वर्षभरात चार प्रशिक्षण सत्रं घेऊ. मी मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या. झालं एकच. तेही मंगळवारी सकाळी अकराला, नोकरदार आई-बापांना रजा काढल्याशिवाय येता येणार नाही अशा वेळी. मी अर्ध्या दिवसाचा पगार कापून घेऊन आले. पाऊण तास दीपप्रज्वलन आणि सत्कार चालले. मग आहारावर एक बाई बोलल्या, चांगलं बोलल्या. त्यानंतर एका गृहस्थांनी 'मुलांवर दडपण आणू नका' हे सात-आठ वेळा बजावलं. सामना हरून मूल घरी येतं तेव्हा तोंडातून नेमकं काय काढायचं, हे मात्र कोणीच सांगितलं नाही. पोह्यांच्या आधी कागद फिरले: कार्यक्रम कसा वाटला, उत्तम, चांगला की ठीक? कागद गोळा करणारा मुलगा डोक्यावर उभा होता, मी 'उत्तम'वर खूण केली. खुर्च्या साठेक, निम्म्या रिकाम्या. बातमीत मात्र दोनशे पालकांनी लाभ घेतला.

आता रविवारचं सांगते. चौदा वर्षांखालच्या मुलींचा सामना, शेवटची मिनिटं, समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलासमोर थेट हल्ल्याची संधी. आमच्या एका मुलीच्या स्टिकवरून बॉल निसटला आणि गोल झाला. सामना संपल्यावर नळापाशी तिच्या वडिलांनी तिला सगळ्यांदेखत थोबाडीत मारली. हे गृहस्थ त्या सत्रात दुसऱ्या रांगेत बसले होते. माझी लेक तिथंच शिनगार्डची माती धूत होती. ती नळ चालू ठेवून नुसती बघत राहिली.

आणि मी काय केलं? स्कूटरवर बाड्यापर्यंत, म्हणजे लश्करच्या मुख्य चौकापर्यंत, बोलत आले. तू डावीकडे का नव्हतीस, पळायला काय झालं होतं, सर काय म्हणतील. मागून उत्तर नाही. घराच्या जिन्यात ती म्हणाली, "आई, काका मारतात. तू बोलतेस." स्टिक गव्हाच्या कोठीमागे ठेवली. आठवडा झाला, तिनं हात लावलेला नाही. रात्री मला झोप लागत नाही. तीन वर्षं पहाटे साडेचारला उठून तिचा डबा भरला, बुटांसाठी स्वतःच्या साड्या घेणं सोडलं, आणि माझ्याच जिभेनं तिला मैदानावरून उठवलं, हे मी कोणाला सांगू?

शिक्षक-प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाबद्दल वाचताना मला डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांच्या, प्रशिक्षणाचा उपयोग झाला का हे तपासायच्या, चार पायऱ्या भेटल्या. 1959 सालच्या आहेत. आवडलं का, शिकलात का, वागणं बदललं का, आणि त्यातून शेवटी काय साधलं. तुमचा कागद पहिल्या पायरीवरच बसून राहिला. तीन महिन्यांनी कोणी मुलींना विचारलं का, की घरी परतताना आई-बाबा काय बोलतात? कोणी वही घेऊन सीमारेषेपाशी बसलं का, आम्ही किती वेळा ओरडतो ते मोजायला? आधीही कोणी विचारलं नाही की आम्हाला काय शिकायचंय. मी सांगितलं असतं: निवड कोणत्या निकषावर होते, नाव गळलं तर कारण कुठं विचारायचं, मुलीला कोणी नको तसा हात लावला तर तक्रार कोणाकडे करायची. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा 2012 चा आहे, त्या दोन तासांत त्याचं नावही निघालं नाही.

याच शहरात 1957 पासून लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आहे. 1932 आणि 1936 च्या ऑलिंपिकमधल्या हॉकी सुवर्णपदकांचे मानकरी कॅप्टन रूपसिंग ग्वाल्हेरचेच, त्यांच्या नावाच्या स्टेडियमवर क्रिकेटचे सामने झाले. 2006 पासून मुलींची हॉकी अकादमी आहे. एवढं सगळं असून एका आईला नीट वागायला शिकवण्याची सोय होऊ नये?

बाप मारतो ते चूकच, पण तो का पिसाळतो हेही बघा. अकादमीतली जागा मिळाली तर शिक्षण, वसतिगृह, पुढं खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी. नाही मिळाली तर काहीच नाही, असं त्याला वाटतं. मधलं कोणी समजावून सांगत नाही. पदक आणणाऱ्या मुलीला तुम्ही हार घालता, बाकीच्या कुठं जातात याची नोंद कोण ठेवतं? शाळांत टक्क्यांसाठी हेच चालतं, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत हेच. आम्हाला नुसतं 'लाभार्थी' म्हणून मोजतात.

उरलेल्या तीन सत्रांच्या तारखा कळवा. रविवारी ठेवा, मैदानावरच ठेवा, वडिलांनाही बोलवा. आणि पहिला कागद मुलींच्या हातात द्या, नाव न लिहिता भरायला. माझी लेक तो भरायला आली तर मी बाहेर रस्त्यावर थांबेन.

आपली,
एक पालक, लश्कर, ग्वाल्हेर