कर बाटली बाहेर पडताना घ्या, वाइन बॅरलमध्ये असताना नको

मा. उत्पादन शुल्क मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

स्वतःच्या बागेतली द्राक्षं स्वतःच क्रश करून वाइन बनवणाऱ्या छोट्या लोकांपैकी मी एक. मागणी एकच आहे, पण ती कळायला आमचा पैसा किती काळ अडकतो ते बघावं लागेल.

वेल लावली की धड पीक यायला तिसरं वर्ष उजाडतं. तोवर तारा, ड्रिप, मजुरी, कलमी रोपं सगळं खिशातून. (कलम टाळता पण येत नाही, १८६० च्या दशकात फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सच्या बागांची मुळं खायला सुरुवात केली आणि नंतर जगात बहुतेक ठिकाणी ही कीड सोसणाऱ्या अमेरिकन वेलीचा खुंटच (कलमाचा मुळाकडचा भाग) वापरायला लागले.) मग पीक येतं तर भुरी आणि डावणी या बुरशीच्या रोगांचं टेन्शन, आणि तोडणीला ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) २४ च्या आसपास आलाय पण आंबटपणा अजून टिकून आहे असे दिवस मोजकेच मिळतात, त्यात पाऊस आला की मणी फुटून कूज लागते. मोठी कंपनी दुसरीकडून द्राक्षं आणू शकते. आमची एकच बाग, ती गेली की त्या वर्षाची वाइनच नाही!

एवढं सगळं पार पडून रेड वाइन ओकच्या बॅरलमध्ये गेली तरी वर्ष-दीड वर्ष ती तिथेच. २२५ लिटरच्या बॅरलमध्ये साधारण ३०० बाटल्यांचा माल असतो, पण लाकडातून ती सारखी थोडी थोडी उडत राहते आणि आम्हाला वरून भर घालत राहावं लागतं, नाहीतर हवा लागून आंबते. खाली बसलेला गाळ वेगळाच. म्हणजे बनलेली सगळी वाइन बाटलीत जातच नाही, मग बनल्या बनल्या कर मोजला तर जी कधी विकलीच जाणार नाही तिचा पण कर आम्ही भरायचा, आणि तोही हातात एक रुपया यायच्या आधी. हे कुठल्याच हिशोबात बसत नाही साहेब.

युरोपियन युनियनमध्ये मंजूर गोदामात माल असेपर्यंत एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क, थांबवता येते, विक्रीसाठी बाहेर पडला की लागते. आम्हाला सूट नकोय, फक्त कर बाटली गोदामाबाहेर पडताना घ्या. किती किलो द्राक्षं आली, किती लिटर रस निघाला, कुठल्या बॅरलला किती भर घातली हे सगळं रजिस्टरमध्ये असतंच, तपासायला माणूस कधीही पाठवा.

आपला,
एक छोटा वाइन उत्पादक