अंदाज नको, विचारपूस हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दुसऱ्याचे दुःख समजून घ्यावे, असे आपण मुलांना सांगतो, सहकाऱ्यांना सांगतो, आणि सांगताना ‘स्वतःला त्याच्या जागी ठेवून पाहा’ हे वाक्य हमखास जोडतो. या सल्ल्यामागचा हेतू चांगला असला तरी तो अपुरा आहे आणि पुष्कळदा वाट चुकवणारा आहे, असे माझे मत आहे. आपण दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवतो तेव्हा आपला स्वभाव, आपली सहनशक्ती आणि आपले पूर्वग्रह सोबत घेऊनच तिथे जातो, आणि आपल्याला जे वाटले असते तेच त्याला वाटत असणार, असे धरून चालतो. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ साली तब्बल २५ प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. समोरच्याच्या भूमिकेत शिरून विचार केल्याने त्याच्या मनातले अधिक अचूक ओळखता येते, याला त्यांत आधार सापडला नाही. समोरच्याशी प्रत्यक्ष बोलून, त्याला विचारून घेतल्यावर मात्र अचूकता वाढली. साधीच गोष्ट आहे, पण घराघरांत नेमकी तीच राहून जाते. वर्षानुवर्षे एकत्र राहणारी माणसे एकमेकांना विचारणे सोडून देतात, कारण ‘मी ओळखतो ना त्याला’ अशी त्यांची खात्री झालेली असते.

‘ज्याचे जळते त्याला कळते’ ही म्हण आपण पूर्ण सत्य मानतो. जो एखाद्या संकटातून गेला आहे, तो त्याच संकटातल्या माणसाला सर्वांत चांगले समजून घेईल, अशी आपली अपेक्षा असते. रेचेल रटन, मेरी-हंटर मॅकडॉनेल आणि लोरन नॉर्डग्रेन यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या अपेक्षेला मोठा धक्का बसला. बेकारीतून किंवा छळातून स्वतः बाहेर पडलेल्या लोकांनी, त्याच संकटाशी झुंजताना खचलेल्या माणसाचे मूल्यमापन अधिक कठोरपणे केले. त्यामागचे कारण विचार करण्याजोगे आहे. संकट ओसरले की ते सोसताना जीव किती मेटाकुटीला आला होता, हे आठवणीत पुसट होते आणि आपण ते निभावले एवढेच ठळक राहते. ‘आम्ही नाही का काढले दिवस?’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न त्यातूनच येतो. तो विचारणारी माणसे दुष्ट नसतात, हे मी मुद्दाम नोंदवते. पण ऐकणाऱ्याच्या वाट्याला त्या प्रश्नातून एकटेपणच येते.

दुःखाच्या प्रसंगी आपण काय बोलतो, तेही बारकाईने पाहावे. आई गेलेल्या मुलीजवळ बसून कोणी म्हणते, ‘निदान फार हाल तरी झाले नाहीत.’ दुसरे कोणी म्हणते, ‘आता तूच सगळ्यांना सावरायला हवेस.’ ती मान हलवते, ‘हो’ म्हणते आणि गप्प होते. तिला कदाचित शेवटच्या रात्रीबद्दल बोलायचे असते, कदाचित आईशी मिटवायच्या राहून गेलेल्या भांडणाबद्दल बोलायचे असते. पण ‘निदान’ या शब्दापाशी ते दार लागते. बोलणाऱ्याला तिचे दुःख हलके करायचे असते हे खरे, परंतु त्याहूनही अधिक त्याला ते दुःख समोर बघवत नसते, आणि म्हणून सांत्वन घाईने उरकले जाते. तिथे ‘काय झाले, सांगावेसे वाटते का?’ एवढे विचारून, नंतरची शांतता न भरता बसून राहणे, हे मला कोणत्याही समजुतीच्या शब्दांपेक्षा मोठे वाटते. ते जमायला सराव लागतो, आणि सरावाने ते जमते.

ऐकण्याचा हा सराव ज्यांच्या पेशाचाच भाग आहे, त्यांनाही तो सहज साधत नाही. हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी १९८४ साली रुग्ण आणि डॉक्टर यांच्या ७४ भेटींचा अभ्यास केला, तेव्हा रुग्णाने आपली तक्रार सांगायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी त्याला मध्ये तोडल्याचे आढळले. डॉक्टरांना नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. आपले मूल शाळेतली तक्रार घेऊन येते तेव्हा आपण त्याला किती सेकंद देतो, हे प्रत्येकाने घरीच मोजून पाहावे.

यात घाईचा वाटा फार मोठा आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना भाषण देण्यासाठी दुसऱ्या इमारतीत पाठवले होते, आणि वाटेत एक माणूस कण्हत पडलेला होता. हाताशी वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थ्यांनी त्याला मदत देऊ केली. उशीर झाला आहे असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यापैकी फक्त १० टक्क्यांनी. त्यांतल्या काहींचे भाषण तर वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या बायबलमधल्या शोमरोनी माणसाच्या गोष्टीवरच होते, आणि त्यानेही लक्षणीय फरक पडला नाही. म्हणून सहवेदना वाढावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी व्याख्याने कमी करून माणसांच्या दिवसात थोडी सवड कशी राहील याकडे लक्ष द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. हाताखालच्या माणसांचे एकामागून एक काम मिनिटामिनिटाला मोजणाऱ्या कार्यालयाने त्यांच्याकडून आपुलकीची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

सगळ्यांचे दुःख मनाला लावून घेतले तर आपणच कोलमडून पडू, अशी भीती अनेकांना वाटते, आणि ती खोटी नाही. रुग्णसेवा करणाऱ्यांना हा थकवा चांगलाच ठाऊक असतो. तान्या सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या अभ्यासांत असे दिसले, की दुसऱ्याची वेदना स्वतः अनुभवण्याच्या सरावाने त्रास वाढतो, तर त्याचे भले व्हावे या जिव्हाळ्याच्या भावनेच्या सरावाने मनाला पुन्हा बळ येते. समोरच्याबरोबर रडलेच पाहिजे असे नाही. ‘तुला मी नुसते ऐकायला हवे आहे, की काही करायला हवे आहे?’ असे सरळ विचारावे, आणि उत्तर मिळेल त्याप्रमाणे वागावे. पुष्कळदा उत्तर ‘नुसते ऐक’ असेच येते.

आपली,
एक वाचक