गोळीचं नाव कापून देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की तापाचे, अंगदुखीचे पेशंट वाढतात आणि मेडिकलसमोर गर्दी होते. तिथं रोज पाकीट कापून बिननावाच्या सुट्या गोळ्या दिल्या जातात, त्यावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण तेच आमच्या आईच्या जिवावर बेतलं होतं.

आई 64 वर्षांची. कराड तालुक्यात आमची थोडी शेती आहे, आई भांगलणीला अजून स्वतः जाते आणि गुडघे दुखतात म्हणून कधी घरी बसली नाही. बीपीची गोळी सात-आठ वर्षांपासून चालू आहे. गेल्या वर्षी उन्हाळी भुईमूग काढायच्या दिवसात ती गावातल्या मेडिकलमधून गुडघ्याची गोळी आणायला लागली, एका वेळी चार, कात्रीनं कापून कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या. सकाळी एक रात्री एक असं दोन महिने चाललं आणि आम्हा भावंडांना पत्ताच नाही. पायावर सूज आली, जेवण जाईना, लघवी कमी झाली तेव्हा दवाखान्यात नेलं तर क्रिएटिनिन 3.1 (किडनीचं काम बिघडलं की रक्तात हा आकडा वाढतो). डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दुखण्यावर काय घेताय?" आईनं कमरेच्या पिशवीतनं पुडी काढून टेबलावर ठेवली. त्या तुकड्यांवर ना नाव, ना एक्सपायरी, ना काही. मी विचारलं, आई अगं नाव काय गोळीचं, तर म्हणाली, "ती गुलाबी रे, मेडिकलवाल्याला म्हाईत आहे की!"

फोनाफोनी करून नाव मिळवलं तेव्हा कळलं, अ‍ॅसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी होती. डॉक्टरांनी समजावलं ते असं. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होतं, त्यानं दुखणं-सूज वाढते पण तेच किडनीकडं जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवायलाही मदत करतं. गोळी ते द्रव्य कमी करते, गुडघ्याचं दुखणं थांबतं आणि किडनीचा रक्तपुरवठाही कमी होतो. तरुण धडधाकट माणसाला दोन दिवस घेऊन सहसा काही होत नाही. पण आईच्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध दोन्ही होतं, त्यात भर उन्हात पाणी न पिता काम, त्यात ही गोळी. तिन्ही एकत्र आलं की किडनीवर किती ताण येतो ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. गोळी बंद केली, सलाईन लावलं, दीड महिन्यात क्रिएटिनिन 1.3 वर आलं. डायलिसिसपर्यंत गेलं नाही ही देवाची कृपा.

दुकानदाराशी भांडायला हे पत्र नाही. लोकच दोन गोळ्या द्या म्हणतात, अख्ख्या पाकिटाला पैसे नसतात हे मलाही कळतं. पण डायक्लोफेनॅक, अ‍ॅसेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड या सगळ्या शेड्यूल एच मधल्या गोळ्या आहेत, पाकिटावर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असते ती त्याचसाठी, चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत. कात्री चालली की रेघही गेली आणि नावही गेलं, मग माणसानं ओळखायचं कशावरनं?

नाव माहीत नसल्याचा दुसरा घोटाळा पॅरासिटामॉलचा. ही त्यातल्या त्यात सुरक्षित गोळी, पण ती कशाकशात आहे हे लोकांना माहीतच नाही. क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल म्हणजे पॅरासिटामॉलच. कॉम्बिफ्लाममध्ये ती आहे, सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत आहे. धडधाकट मोठ्या माणसाला 24 तासात जास्तीत जास्त 4 ग्रॅम, वयस्कर, अशक्त किंवा दारू पिणाऱ्याला त्याहून कमी. आता हिशोब करा, तापासाठी 650 च्या चार म्हणजे 2600 मिलिग्रॅम, वर सर्दीच्या 500 वाल्या तीन म्हणजे 1500, झाले 4100. माणसाला वाटतं आपण दोन वेगळी औषधं घेतोय. आणि लिव्हरला इजा झाली तरी पहिल्या दिवशी फार तर मळमळ होते, खरा त्रास दोन-तीन दिवसांनी दिसतो, तोवर उशीर झालेला असतो.

गिधाडं कशानं संपली आठवतंय का? डायक्लोफेनॅक टोचलेली जनावरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि किडनी निकामी होऊन ती मेली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं. अ‍ॅसेक्लोफेनॅकही जनावराच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं म्हणून 2023 मध्ये जनावरांसाठी त्यावरही बंदी आली. माणसाचं शरीर वेगळं आहे मान्य, तरी जे औषध म्हशीला द्यायला बंदी आहे ते आमची आई दोन महिने पुडीतून खात होती हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आत्ता डेंग्यूचे दिवस आहेत म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहितो. ताप कशाचा ते कळेपर्यंत आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, डेंग्यू निघाला तर रक्तस्राव वाढू शकतो. तापाला साधी पॅरासिटामॉल, मापात. हार्टसाठी डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र मनानं बंद करू नका, आधी विचारा. पेनकिलर घेताना शी काळी डांबरासारखी झाली तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

मेडिकलवाल्या दादांना एवढीच विनंती, गोळ्या कापायच्याच असतील तर पुडीवर औषधाचं नाव आणि एक्सपायरी पेनानं लिहून द्या, दहा सेकंदांचं काम आहे. आणि कंपन्यांनी प्रत्येक गोळीच्या मागे नाव छापावं, काही पाकिटांवर असतं तसं.

संपादकसाहेब, तुमच्या आरोग्य पुरवणीत कुठल्या नावाच्या गोळीत काय असतं याचा एक तक्ता मोठ्या अक्षरात छापाल का? मी तो कापून आमच्या दूध डेअरीच्या फळ्यावर लावतो, सकाळ-संध्याकाळ सगळं गाव तिथं येतं.

आपला,
एक वाचक, कराड तालुका