पाणबुडीच्या टाक्या पंपाने भरत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या मुलांच्या पानावरचा पाणबुडीवरील लेख वाचला. ‘पंपाने टाक्यांत पाणी भरले की पाणबुडी बुडते’ असे त्यात छापले आहे. ३१ वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले. हे वाक्य तसेच सोडून द्यायला मन तयार होईना.

मुख्य टाक्या भरायला पंप लागतच नाही. बहुतेक पाणबुड्यांत या टाक्यांना तळाशी उघडी भोके असतात आणि माथ्यावर झडपा. वर तरंगताना आत हवा कोंडलेली असते, म्हणून खाली वाट मोकळी असूनही पाण्याला शिरकाव नसतो. झडपा उघडल्या की हवा निसटते, पाणी आपसूक आत चढते. वर्गात मी हे प्लास्टिकच्या बाटलीवर दाखवत असे. तळाजवळ चार भोके, बुडाला वजनासाठी लोखंडी नट, बुचातून काढलेली रबरी नळी. नळीचे तोंड बोटाने दाबून धरले की भोके असूनही बाटली तरंगते! बोट काढले की खाली जाते. नळीतून जोरात फुंकले की पुन्हा वर. पाणबुडीत ही फुंकर मारते सिलिंडरांत दाबून साठवलेली हवा.

‘बुडते’ हा शब्दही चुकीचाच. पाणबुडी आपले वजन बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाशी जुळवते आणि पुढची खोली आडव्या पंखांनी, चालता चालता साधते. पंपाचे काम इथे आहे: छोट्या टाक्यांतले पाणी कमीजास्त करणे. टॉर्पेडो सुटला, इंधन जळले, की हिशेब बदलतो. खोलवर दाबाने कवचसुद्धा किंचित आक्रसते, बाजूला सारलेले पाणी कमी होते आणि त्या मानाने पाणबुडी जड ठरते.

दर १० मीटरला दाब सुमारे एका वातावरणाच्या दाबाइतका वाढतो. त्या दाबाविरुद्ध मुख्य टाक्यांतले पाणी बाहेर ढकलायचे ते हवेनेच. १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची ‘थ्रेशर’ खोल पाण्यातल्या चाचणीत १२९ जणांसह नष्ट झाली. नंतर तशाच ‘टिनोसा’ पाणबुडीवर, ती बंदराच्या धक्क्याला असताना, टाक्यांत हवा सोडून पाहण्याचा प्रयोग झाला. जोरात सुटणारी हवा इतकी थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचा बर्फ झडपांमधल्या जाळ्यांवर साचला आणि हवेची वाटच बंद झाली. डोक्यात पंप बसलेल्या मुलाला हे कसे उमगणार?

कृपया पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी. आकृती दिलीत, तर माथ्यावरच्या झडपा आणि तळाची भोके दोन्ही स्पष्ट दिसू द्यावीत.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका