पक्यास पत्र: ओजसचं नवीन खूळ

प्रिय पक्या,

शिव्या नंतर घाल, आधी वाच. फोनवर सांगितलं असतं तर तू दोन मिनिटांत "सोड रे" म्हणून मोकळा झाला असतास. आम्ही बरे, माझी शुगर बॉर्डरवर, हिची पाठ आहे तशीच.

तर आमचे चिरंजीव ओजस. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, चालतो आता, पण फुटबॉल संपला (इथला, हेल्मेटवाला). मी म्हटलं सुटलो. तर शाळेच्या कोचनं त्याला स्पेशल टीम्सचे व्हिडिओ कापायला बसवलं आणि आता साहेब म्हणतात इंजिनियरिंग नको, कोचिंग करणार, तेही स्पेशल टीम्सचं! मला आधी तू आठवलास आणि तुझाच राग आला.

स्पेशल टीम्स म्हणजे किकऑफ (खेळ सुरू करायची लाथ), पंट (बॉल लांब समोरच्यांकडे मारून देणं), फील्ड गोल (खांबांमधून मारणं), बॉल लाथेनं मारायचा असला की उतरणारी पोरं. त्या कोचकडे किकर, पंटर, लाँग स्नॅपर (त्यांच्यासाठी बॉल मागे फेकणारा) सोडले तर बाकी सगळे उसने. डिफेन्सचा एक जखमी झाला की ह्याच्याकडचा पोरगा तिकडे ओढतात, ह्याची घडी विस्कटली. जिंकलं तर नाव क्वार्टरबॅकचं (बॉल फेकणारा, टीमचा हुकमी एक्का), पंट ब्लॉक झाला तर ह्याचं.

ओजसचा देव म्हणजे लॅरी इझो. आमच्याच ह्यूस्टनच्या राईस युनिव्हर्सिटीचा. 1996 ला एनएफएलच्या, म्हणजे इथल्या मोठ्या लीगच्या, ड्राफ्टमध्ये (टीम नवी पोरं निवडतात त्यात) कुणी घेतला नाही, मायामीच्या कॅम्पला गेला, तर कोच जिमी जॉन्सननं जाहीर करून टाकलं की टीममध्ये दोघांचीच जागा पक्की, डॅन मरिनो आणि हा. मरिनो म्हणजे तिथला सचिन, विचार कर. पुढे 14 सीझन, नाव झालं ते स्पेशल टीम्समध्येच, पेट्रियट्स नावाच्या टीमबरोबर तीन सुपर बोल (लीगची फायनल) जिंकले. 2009 ला जेट्सकडे शेवटचा सीझन, तो दुखापतीत गेला. 2011 ला जायंट्सचा असिस्टंट कोच झाला, पहिल्याच सीझनला सुपर बोल, आणि समोर कोण, तर पेट्रियट्स! 21-17. हे ओजस जेवताना सांगतो, भाजी गार होते.

मी म्हटलं, पुढचं पण सांग की. 2016 ला इथेच टेक्सन्सकडे कोऑर्डिनेटर (स्पेशल टीम्सचा मुख्य कोच) झाला, दोन सीझनमध्ये गाशा गुंडाळला. 2018 ला सिअ‍ॅटलला परत असिस्टंट. चाळिशी उलटलेली, सुपर बोल जिंकल्याच्या चार रिंगा, आणि परत असिस्टंट! 2021 ला तिथे कोऑर्डिनेटर, 2024 ला तेही सोडून वॉशिंग्टन. बायकापोरांसकट बिऱ्हाड ट्रकमध्ये. आणि हा तर एवढा खेळलेला, आमचा हिरो शाळेच्या दुसऱ्या फळीत.

तर म्हणतो, बाबा, 2024 ला किकऑफचा नियमच बदलला. आता मारणाऱ्या टीमचे दहा जण आधीच समोरच्यांच्या 40 यार्डावर उभे, बॉल जमिनीला किंवा कुणाच्या हाताला लागेपर्यंत हलायचं नाही. म्हणजे इझोनं आयुष्यभर जे केलं, लांबून सुसाट येऊन धडकायचं, तेच गेलं. सगळेच नव्यानं शिकतायत, मग मी का नाही? यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी ओरडलो.

तुझा खांदा गेला आणि तू पोरांना कबड्डी शिकवायला लागलास तेव्हा तुमच्या घरात काय काय बोललं गेलं ते मी ऐकलंय. मुलीकडच्यांना काय धंदा सांगितलास रे? आणि कोच झाल्या झाल्या जिल्ह्याच्या फायनलला मला बाकावर बसवून बंड्याला उतरवलंस, ते मला अजून पटलेलं नाही, त्याला बोनस लाईन दिसायची तरी का!

पगाराचं बघता येईल. पण परवा रात्री पाणी प्यायला उठलो तर हा लॅपटॉपवर स्वतःचाच जुना किकऑफ बघत बसलेला, गुडघा जायच्या आधीचा, परत मागे घेऊन परत. हा खरंच कोचिंग शिकतोय की खेळणं सुटत नाहीये? मला कळत नाही, हिला तर विचारायची सोय नाही. तू बाहेर उभा राहून दुसऱ्यांच्या चढाया बघायचास तेव्हा काय व्हायचं, ते त्याला सांग. मला कधी सांगितलं नाहीस.

रविवारी तुझ्या रात्री साडेआठला फोन लावतो, तो घरीच असेल. समजवायला जाऊ नकोस, माझी बाजू तर अजिबात घेऊ नकोस, लगेच ओळखतो.

वहिनींची बदली झाली का? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असं कळलं, नमस्कार सांग. चिनूची दहावी यंदा ना, की झाली?

तुझा,
दिप्या