विषय : चुकीच्या उत्तरांवर 'एक्स्पर्ट व्हेरिफाइड' शिक्का मारल्याबद्दल तक्रार व वार्षिक सबस्क्रिप्शनच्या परताव्याची मागणी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी आणि व्यवस्थापन,

तुमच्या ऑनलाइन शिकवणीच्या कस्टमर केअरचा फोन आत्ताच ठेवला आणि हे लिहायला घेतलं. फोनवर बोलण्यात आता काही अर्थ उरलेला नाही. तिकीट क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट आणि माझ्या वहीची पानं सोबत जोडली आहेत, त्यामुळे 'कृपया डिटेल्स शेअर करा' हे ठरावीक उत्तर पाठवू नका.

मी बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमचा कॉलेज फिजिक्स आणि मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसचा प्लॅन वर्षभरासाठी घेतला, तो नुसत्या उत्तरांसाठी नाही. उत्तर पुस्तकाच्या मागे असतंच. माझी पायरी कुठे अडते आणि का अडते, हे माझं पान बघून सांगणारं माणूस मला हवं होतं. तुमच्या जाहिरातीत नेमकं हेच लिहिलेलं आहे.

आता काय मिळालं ते सांगते. प्रश्न होता अर्धगोलाचा. त्रिज्या २, फक्त वरचा घुमट, तळ नाही. व्हेक्टर फील्डचे घटक एक्स, वाय आणि झेड अधिक एक. घुमटातून बाहेर जाणारा फ्लक्स, म्हणजे फील्डचा पृष्ठभागातून आरपार जाणारा एकूण प्रवाह, काढायचा. तुमच्या एक्स्पर्टने डायव्हर्जन्स (एखाद्या बिंदूपाशी फील्ड किती बाहेर पसरतं ते) काढला, तो ३ आला, त्याला घनफळाने गुणलं, १६ पाय लिहिलं आणि खाली हिरवा शिक्का. अहो, बाहेर जाणारा फ्लक्स आतल्या डायव्हर्जन्सच्या बेरजेइतका असतो, हे गाउसचं प्रमेय बंद पृष्ठभागालाच लागतं! हा पृष्ठभाग खालून उघडा आहे. तळाची चकती लावून तो बंद केला तर एकूण फ्लक्स १६ पाय, हे बरोबर. पण त्या चकतीतून बाहेरच्या दिशेने जाणारा फ्लक्स उणे ४ पाय आहे. तो एकूणातून वजा करा, घुमटाचा फ्लक्स २० पाय येतो. मी घुमटावर थेट इंटिग्रेट करूनही पाहिलं, तिथेही २० पायच. दोन्ही रीती स्वच्छ अक्षरात लिहून फोटो पाठवला आणि विचारलं, की तुमच्या उत्तरात तळाचा हिशोब कुठे आहे? उत्तर आलं, 'होप धिस हेल्प्स'. चॅट बंद. वर मलाच पाच तारे द्यायची विनंती.

दुसरा प्रश्न, भरीव गोलाचा व्यासाभोवतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया (फिरवताना होणाऱ्या विरोधाचं माप), ट्रिपल इंटिग्रलने. दोन-पंचमांश एम आर स्क्वेअर (एम वस्तुमान, आर त्रिज्या) हे बारावीच्या मुलांनाही पाठ असतं. तुमच्याकडून आलं तीन-पंचमांश. घनफळाचा घटक आर स्क्वेअर साइन थीटा (इथे आर म्हणजे बिंदूचं केंद्रापासूनचं अंतर) बरोबर लिहिलेला, लिमिटही बरोबर, पण अंतर अक्षापासून घ्यायच्या ऐवजी केंद्रापासून घेतलं. म्हणजे आर साइन थीटा हवं तिथे नुसता आर. चूक एका ओळीची आहे आणि अख्खा विषय त्याच ओळीत आहे. ज्याने हे 'व्हेरिफाय' केलं, त्याने शेवटची ओळ तरी वाचली होती का?

तिसऱ्याचं उत्तर बरोबर होतं आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. ई चा घात वाय स्क्वेअर, त्याचं डबल इंटिग्रल. वाय एक्सपासून १ पर्यंत, एक्स ० पासून १ पर्यंत. दिलेल्या क्रमाने हे हातांनी सुटत नाही, कारण आतल्या इंटिग्रलला ओळखीच्या फंक्शनमध्ये उत्तरच नाही. क्रम उलटा करावा लागतो. त्यासाठी तो त्रिकोण काढून दाखवायचा, की आता एक्स ० पासून वायपर्यंत जाईल आणि वाय ० पासून १ पर्यंत. मग आत एक वाय गुणून येतो, सबस्टिट्यूशन बसतं आणि उत्तर येतं ई वजा १, भागिले २. नवी लिमिट त्या आकृतीवरून कशी वाचायची एवढंच मी विचारलं होतं. तुम्ही पाठवलं ०.८५९. बस. कॅल्क्युलेटर माझ्याकडेही आहे.

आता आजचा फोन. तो रेकॉर्ड होतो असं तुम्हीच सुरुवातीला सांगता, तेव्हा काढून ऐका. मी नाव सांगितलं, तिकीट सांगितलं, अर्धगोलाचं उत्तर चुकलंय असं सांगितलं. तिकडून विचारणा, 'मॅडम, घरी कोणी मोठं आहे का? त्यांच्याकडे फोन द्या.' मी म्हणाले, खातं माझ्या नावावर आहे, बोला. तरी पुन्हा, 'पप्पा आहेत का? पेमेंट त्यांनी केलं असेल ना?' पेमेंट मी केलंय. आठवी-नववीच्या मुलांच्या शिकवण्या घेते, त्या पैशातून. हे त्यांना सांगायची मला काही गरज नव्हती, तरी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, 'आमचे एक्स्पर्ट आयआयटीचे आहेत, त्यांचं उत्तर चुकत नाही. मॅच होत नसेल तर तुमचा प्रश्नच चुकीचा असेल.' मी म्हणाले, ठीक आहे, मग त्या एक्स्पर्टशी दोन मिनिटं बोलू द्या, मी तळाची चकती समजावून सांगते. 'तशी सोय नाही.' मग वरिष्ठांना द्या. 'ते मीटिंगमध्ये आहेत.' आणि मग, माझा आवाज चढलेला असताना, 'तुमचं बेसिक कच्चं दिसतंय मॅडम, आमची फाउंडेशन बॅच सुरू होतेय, आज घेतली तर सूट आहे.'

माझं उत्तर बरोबर, तुमचं चूक, आणि बेसिक माझं कच्चं! शिवाय ते पक्कं करायला पैसे पुन्हा तुम्हालाच द्यायचे.

त्या फोनवरच्या मुलावर माझा राग नाही. त्याच्यासमोर जे लिहून ठेवलं होतं ते तो वाचत होता. राग आहे तो हे लिहून देणाऱ्यांवर. आमच्या कॉलेजच्या सीनियर मुलींनी तुमचं नाव सुचवलं होतं. त्यांच्या वेळी फळ्यावर लिहून समजावणारे शिक्षक लाइव्ह यायचे, 'थांब, ही लिमिट तू कशी घेतलीस ते मला सांग' असं विचारायचे. ते शिक्षक कुठे गेले? प्लॅनचं नाव तेच, फी तेवढी वाढली. नुसतं शिकायचंच असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, एमआयटीचा मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसचा १८.०२ हा कोर्स व्हिडिओंसकट फुकट आहे. ते कितीही चांगले असले तरी माझी वही बघू शकत नाहीत. मी पैसे दिले ते वही बघायचे. पुन्हा सांगते, वही बघायचे.

आणखी एक. प्लॅन आपोआप रिन्यू होतो, पण रद्द करायचं बटण दाबलं की 'कस्टमर केअरला फोन करा' असं येतं. घ्यायला एक टिचकी आणि सोडायला फोनाफोनी, याला २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविषयीच्या) केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हटलंय. तुमच्या कायदा विभागाला ते ठाऊक असेलच.

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. उरलेल्या महिन्यांचे पैसे परत, आणि ऑटो-रिन्यूअल आजच्या आज बंद. ती दोन चुकीची उत्तरं दुरुस्त करा किंवा काढून टाका, कारण उद्या दुसरी कुणीतरी परीक्षेच्या आदल्या रात्री तीच वाचणार आहे. आणि आजच्या फोनबद्दल लेखी माफी, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' या छापाची नव्हे, 'घरी कोणी मोठं आहे का' या वाक्याबद्दलची.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हायला हवं. नाही झालं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला आणि त्यानंतर माझ्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने मी राहते तिथेच तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. वकीलही लागत नाही. तळाच्या चकतीचा हिशोब तिथेही याच वहीतून मांडेन.

उत्तर ईमेलवरच पाठवा. फोन करू नका.

एक ग्राहक
(नाव आणि नोंदणीकृत मोबाइल क्रमांक ईमेलसोबतच्या अर्जात आहे.)