ऱ्हायडॉलचं खोरं 'अस्पर्शित' कुठून आलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला वेल्सवरचा लेख वाचला. फोटो झकास आहेत, पण ऱ्हायडॉल नदीच्या खोऱ्याला 'माणसाचा हात न लागलेला निसर्ग' म्हटलंय ते काही पटलं नाही. अहो, जेमतेम ३० किलोमीटरची नदी, आणि तिला जितके हात लागलेत तितके भल्या मोठ्या नद्यांनाही लागले नसतील!

प्लिनलिमन डोंगरावर ती उगम पावते. सेव्हर्न आणि वाय या मोठ्या नद्याही तिथल्याच, तिघी बहिणी अशी लोककथा आहे, त्या दोघी लांबचा वळसा घेत इंग्लंडकडे गेल्या आणि ही सरळ जवळचा समुद्र गाठून मोकळी झाली. अ‍ॅबरिस्टविथला ती समुद्राला मिळते, शहराला नाव मात्र शेजारच्या इस्टविथ नदीचं (हा अन्यायच म्हणायचा).

लेखात डेव्हिल्स ब्रिजचा धबधबा आहे, तो खरं तर मनाख या उपनदीचा. एकावर एक तीन पूल आहेत, सगळ्यात खालचा मध्ययुगातला, मधला १७५३चा आणि वरचा १९०१चा लोखंडी. सैतानाने पूल बांधल्याची गोष्ट सगळेच सांगतात, तुम्हीही सांगितलीत, पण या डोंगरातल्या शिशाच्या खाणींबद्दल चकार शब्द नाही आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. या भागातल्या शिशाच्या खनिजात चांदी असायची, इतकी की पहिल्या चार्ल्स राजाच्या काळात १६३७ साली अ‍ॅबरिस्टविथच्या किल्ल्यात टांकसाळ काढायला परवानगी मिळाली, आणि चांदी वेल्सची आहे हे कळावं म्हणून नाण्यांवर पिसांचा तुरा असायचा. अ‍ॅबरिस्टविथहून डेव्हिल्स ब्रिजला जाणाऱ्या ज्या छोट्या ट्रेनचं तुम्ही एवढं कौतुक केलंय ती १९०२ साली सुरू झाली तीसुद्धा खाणींचा माल आणायचा म्हणूनच, पर्यटक होतेच पण पुढे खाणी बंद पडल्या आणि गाडी पर्यटकांवरच चालली.

खाणींचा हिशोब नदीने चुकता केला. कॅथलीन कार्पेंटर या अ‍ॅबरिस्टविथच्या संशोधक बाईंनी १९२०च्या दशकात इथल्या नद्यांतले जीव तपासले, तर शिशाच्या खाणींखालच्या पट्ट्यात मासेच नाहीत. का, तर धातूचे क्षार पाण्यात विरघळले की माशाच्या कल्ल्यांवरचा चिकट स्राव साकळतो, त्याचा थर बसतो आणि मासा चक्क पाण्यात गुदमरून मरतो. खाणी बंद पडल्यावर जीव हळूहळू परत येतात हेही त्यांनी दाखवलं. म्हणजे नदी सुधारते, पण जुन्या बोगद्यांतून झिरपणारं नारिंगी पाणी खोऱ्याच्या कुम ऱ्हायडॉल या भागात अजून दिसतं, काठचे दगड गंजल्यासारखे होतात, ते तुमच्या फोटोत का नाही?

मग वीज. १९६४ साली नांट-अ-मॉख धरणाचा प्रकल्प सुरू झाला, वरच्या जलाशयातून दिनासचा जलाशय, तिथून बोगद्याने खाली खोऱ्यातलं वीजघर, साधारण ५६ मेगावॉट. त्या पाण्याखाली घरं गेली, चॅपल (प्रार्थनाघर) गेलं. जवळच्याच हिदगेन खोऱ्यात १४०१ साली इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या वेल्श सरदार ओवेन ग्लिंडूरने इंग्रजांच्या बाजूच्या मोठ्या फौजेला हरवलं होतं, तिकडे जाणारा माणूस आता या जलाशयाच्या काठाने जातो. या प्रकल्पामुळे खाली नदीत किती पाणी सोडायचं हे बऱ्याच अंशी धरणवाले ठरवतात, पाऊस एकटा नाही.

खोरं सुंदर आहे, त्यावर वादच नाही, आणि मला तर ते कष्ट केलेलं असल्यामुळेच जास्त आवडतं. पुढच्या वेळी जो कोणी जाईल त्याने डेव्हिल्स ब्रिजच्या ट्रेनमध्ये समोरच्या डोंगरउताराकडे नीट बघावं, खाणीतला टाकाऊ माल पसरलेला एक उघडा पट्टा आहे, त्यावर गवत धरत नाही, आणि आकार हरणासारखा दिसतो म्हणून लोक त्याला हरिणच म्हणतात. धबधब्याबरोबर त्याचाही एक फोटो छापा.

आपली,
एक नियमित वाचक